रोजनिशी : कराचीतला मार्च १९४९

७ मार्च

१९४९ साली याच तारखेला कराचीत पंतप्रधान लियाकत अली खान यांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभा सिंध विधानसभेच्या इमारतीत भरायची. १९३६ पर्यंत सिंध आपल्या मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे तिथले कायदे, कचेऱ्या, शाळाखात्याची पद्धत सगळं मुंबईच्या वळणाचं. त्या इमारतीत पाच-सहा दिवस जे बोललं गेलं, त्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. धर्माच्या पायावर राष्ट्र उभं करताना पुढे कुठे कुठे तडा जाणार, हे तिथे बसलेल्या मूठभर माणसांनी तेव्हाच बोट ठेवून दाखवलं होतं.

ठराव लहान आहे. पहिल्या परिच्छेदात सगळा पाया आहे: संपूर्ण विश्वावरचं सार्वभौमत्व केवळ अल्लाहचं, त्याने घालून दिलेल्या मर्यादांमध्ये वापरण्यासाठी पाकिस्तानच्या राज्याला, तिथल्या लोकांमार्फत, जो अधिकार सोपवला आहे तो म्हणजे पवित्र अमानत. पुढे लोकशाही, स्वातंत्र्य, समता, सहिष्णुता आणि सामाजिक न्याय, पण ‘इस्लामने सांगितल्याप्रमाणे’. मुसलमानांना कुराण आणि सुन्नेनुसार (पैगंबरांच्या आचार-वचनांच्या परंपरेनुसार) वैयक्तिक व सामुदायिक जीवन जगता येईल असं बघितलं जाईल. अल्पसंख्याकांना आपला धर्म मोकळेपणाने पाळता यावा आणि संस्कृती वाढवता यावी म्हणून पुरेशी तरतूद होईल. यातलं ‘मोकळेपणाने’ लक्षात ठेवायचं. पुढे ते लागणार आहे.

लियाकत अलींचा युक्तिवाद असा: अधिकार लोकांमार्फत येतो असं स्पष्ट लिहिलंय, इस्लामात पुरोहितवर्गच नाही, तेव्हा धर्मगुरूंच्या राज्याची भीती बाळगण्याचं कारण नाही. ते सभागृहाला फसवत होते असं मला वाटत नाही. त्यांचा त्यावर विश्वास असावा. अडचण आहे ती ‘मर्यादां’पाशी. त्या आखायच्या कोणी? कोर्टाने, निवडून आलेल्या विधिमंडळाने, की उलेमांनी, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांनी? ठराव गप्प आहे. परीक्षा लावली आणि परीक्षकाची खुर्ची रिकामी ठेवली. रिकामी खुर्ची तशी राहत नाही, त्या त्या काळातला जबरदस्त माणूस येऊन तिच्यावर बसतो. पाकिस्तानचा पुढचा सगळा घटनात्मक इतिहास मला या एका चुकीतून निघालेला दिसतो.

ठराव तेव्हाच का आला, तेही बघायला हवं. जिनांना जाऊन सहा महिने झाले होते. पूर्व बंगालला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायच्या की नाही, यावर संविधानाचं काम अडणार हे दिसत होतं. मौलाना शब्बीर अहमद उस्मानी सभेत होते आणि इस्लामी राज्याचा आग्रह धरून होते. जमाते-इस्लामी या धार्मिक पक्षाचे संस्थापक मौदूदी तेव्हा तुरुंगात होते. फाळणीपूर्वी मुस्लिम लीगच्या राजकारणावर कडाडून टीका करणाऱ्या त्यांच्या पक्षाने या ठरावाचं मात्र स्वागत केलं. आणि लीगपाशी दुसरं होतं काय? पंजाबी, सिंधी, पठाण, बलुच, बंगाली आणि भारतातून आलेले निर्वासित या सगळ्यांना बांधणारं एकच सूत्र हातात होतं. प्रांतांना स्वायत्तता हे दुसरं सूत्र होऊ शकलं असतं. त्याला केंद्रातले लोक घाबरत होते.

८ मार्च

चर्चेच्या सुरुवातीलाच पूर्व बंगालचे प्रेमहरी बर्मा यांनी साधी मागणी केली: ठराव ३० एप्रिलपर्यंत लोकमतासाठी फिरवा, लोक काय म्हणतात ते कळू द्या. ती फेटाळली गेली.

हे वाचताना मला दिल्लीतला डिसेंबर १९४६ आठवतो. नेहरूंनी १३ डिसेंबरला भारताच्या संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सभासद गैरहजर होते. तेव्हा मुंबईचे बॅरिस्टर मु. रा. जयकर उठले आणि दुरुस्ती मांडली की लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत निर्णय थांबवा. सभागृहाला ते मुळीच रुचलं नाही. १७ तारखेला डॉ. आंबेडकर जयकरांच्या बाजूने बोलले. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग आली नाहीच. तरीही ते थांबणं मला फार मोलाचं वाटतं. कराचीत तर ज्यांच्यासाठी थांबायचं ते समोरच बसलेले होते.

आंबेडकर त्या सभेत आले होते बंगालमधून, आणि त्यांना निवडून आणण्यात पुढाकार बंगालचे दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांचा. फाळणीनंतर आंबेडकर मुंबईतून, जयकरांनी सोडलेल्या जागेवर, पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानात राहिले. १० ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्याच हंगामी अध्यक्षतेखाली झाली आणि ते देशाचे पहिले कायदामंत्री झाले. दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला, जिनांचं ते प्रसिद्ध भाषण: तुम्ही आपल्या देवळांत, मशिदींत जायला मोकळे आहात, काही काळाने राजकीय अर्थाने हिंदू हिंदू राहणार नाहीत, मुसलमान मुसलमान राहणार नाहीत. मंडल यांनी त्यावर भरवसा ठेवला. पूर्व बंगालच्या १९५० च्या दंगलींनंतर ऑक्टोबरात राजीनामा देऊन ते भारतात निघून आले.

जिनांचं ते भाषण एवढ्यासाठीच महत्त्वाचं की राष्ट्र मागताना वापरलेला निकष राष्ट्र मिळाल्यावर बाजूला ठेवावा लागेल, हे त्यांना कळलं होतं. पण १९०९ च्या स्वतंत्र मतदारसंघांपासून मोजणी धर्मानेच होत आलेली. १९४५-४६ च्या निवडणुकीत केंद्रीय कायदेमंडळातल्या मुसलमानांच्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या त्या याच मोजणीवर. चाळीस वर्षांची सवय एका भाषणाने मोडत नाही. मोडायला कायदे लागतात, आणि ते करायला जिनांकडे वर्षभरच होतं.

१० मार्च

आज बंगालबद्दल. बंगाल या कल्पनेत पहिल्यापासूनच नीट बसत नव्हता. इक्बालांनी १९३० साली अलाहाबादच्या भाषणात पंजाब, सरहद्द प्रांत, सिंध आणि बलुचिस्तान एकत्र करा म्हटलं. बंगालचा उल्लेख नाही. १९३३ साली केंब्रिजमधून चौधरी रहमत अलींनी प्रांतांच्या नावांतली अक्षरं जोडून नव्या देशाचं नाव घडवलं, त्यात बंगालचं एक अक्षर नाही. १९४० चा लाहोर ठराव बंगालच्याच फजलुल हकांनी मांडला आणि त्यात ‘स्वतंत्र राज्ये’ असं अनेकवचन होतं. त्याचं एकवचन झालं एप्रिल १९४६ मध्ये, दिल्लीला लीगच्या आमदारांच्या मेळाव्यात. म्हणजे देश अस्तित्वात येण्याच्या सोळा महिने आधी.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कोमिल्ल्याचे धीरेंद्रनाथ दत्त यांनी संविधान सभेत दुरुस्ती सुचवली: कामकाजात इंग्रजी आणि उर्दूबरोबर बांगलाही चालू द्या. त्यांचं गणित सरळ होतं. देशाची लोकसंख्या ६ कोटी ९० लाख, त्यातले ४ कोटी ४० लाख बांगला बोलणारे. लियाकत अलींचं उत्तर असं की पाकिस्तान हे मुसलमानांचं राज्य आहे आणि त्याची भाषा मुसलमान राष्ट्राचीच हवी, म्हणजे उर्दू. महिनाभरात जिनांनी ढाक्यात जाऊन तेच सांगितलं. उर्दू मातृभाषा असलेले लोक देशात शेकडा चारहूनही कमी होते.

इथे चूक कशी घडली ते नीट बघितलं पाहिजे. ‘मुसलमान’ आणि ‘बंगाली’ ही एका माणसाची दोन नावं होती, आणि शासनाने त्याला त्यातलं एकच ठेव म्हणून सांगितलं. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत मुसलमानांसाठीच्या २३७ जागांपैकी मुस्लिम लीगला दहासुद्धा धड मिळाल्या नाहीत. आठ वर्षांपूर्वी याच प्रांताने लीगला भरभरून मतं दिली होती! १९५६ च्या संविधानात बांगला राजभाषा झाली, पण तोवर मन तुटलं होतं. मार्च १९७१ मध्ये लष्कराने वृद्ध धीरेंद्रनाथांना त्यांच्या मुलासह घरातून उचलून नेलं. दोघेही परतले नाहीत. त्या माणसाने मागितलं होतं किती थोडं, हे आठवलं की आजही जीव तळमळतो.

१२ मार्च

१९४९ साली आजच्या तारखेला ठराव मंजूर झाला. विरोधकांच्या दुरुस्त्या १० विरुद्ध २१ मतांनी पडल्या. दहाही जण बिगरमुसलमान. मुसलमान सभासदांपैकी वेगळा सूर लावला तो एकट्या मियाँ इफ्तिखारुद्दीन यांनी.

विरोधी बाकांवरची दोन भाषणं अभ्यासक्रमात लावावीत अशी आहेत. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय म्हणाले की या ठरावात मला कायदे आझमांचा, म्हणजे जिनांचा, आवाज ऐकू येत नाही, पंतप्रधानांचाही नाही. हा उलेमांचा आवाज आहे. लाहोरच्या काही उलेमांनी आपल्याला असं सांगितल्याचंही त्यांनी सभागृहात मांडलं की इस्लामी राज्यात बिगरमुसलमान शासनाचा प्रमुख होऊ शकत नाही. लियाकत अलींनी ते साफ खोटं ठरवलं: घटनेच्या मर्यादेत बिगरमुसलमानही शासनाचा प्रमुख होऊ शकतो. सात वर्षांत, १९५६ साली, राष्ट्राध्यक्षपद मुसलमानासाठी राखलं गेलं. १९७३ च्या संविधानाने पंतप्रधानपदही.

दुसरं भाषण भूपेंद्रकुमार दत्तांचं. सार्वभौमत्वाचा परिच्छेदच गाळा, अशी त्यांची दुरुस्ती होती. कारण काय, तर उद्या एखादा राजकीय साहसवीर, युआन शिकाई (स्वतःला सम्राट म्हणवणारा चिनी सेनापती) किंवा बच्चा-ए-सक्का (काबूलचं तख्त बळकावणारा बंडखोर), या कलमावर बोट ठेवून म्हणेल की मला देवाने नेमलंय. सभागृहातल्या कित्येकांना ही अतिशयोक्ती वाटली असेल. १९ डिसेंबर १९८४ ला लष्करशहा जनरल झियांनी सार्वमत घेतलं. प्रश्न असा होता की देशाचे कायदे कुराण आणि सुन्नेला धरून आणण्याचं जे काम झियांनी सुरू केलंय, ते तुम्हाला मान्य आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्याने झियांना पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडलं असं धरलं जाणार होतं. मुसलमान मतदार ‘नाही’ म्हणणार कसा? दत्तांनी सांगितलेली युक्ती इतक्या तंतोतंत वापरली गेली.

पुढच्याच वर्षी झियांनी ठराव प्रस्तावनेतून उचलून कलम २-अ म्हणून संविधानाच्या मुख्य भागात घातला. हे करताना अल्पसंख्याकांच्या वाक्यातून ‘मोकळेपणाने’ गळालं. पंचवीस वर्षं ते वाक्य तसंच अपुरं राहिलं. २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने शब्द परत आला. कलम २-अ ला विरोधी असलेली संविधानाची इतर कलमं रद्द होतात का, हा प्रश्न कोर्टात गेला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हणून सांगितलं. एक कलम दुसऱ्यावर कुरघोडी करू शकत नाही. त्या निकालाबद्दल मला आदर वाटतो, त्या वातावरणात तो सोपा नव्हता.

परीक्षकाच्या खुर्चीचं पुढे काय झालं, याचा सगळ्यांत चांगला दस्तऐवज १९५४ चा. आदल्या वर्षी पंजाबात अहमदियांविरुद्ध (मिर्झा गुलाम अहमद यांना मानणारा आणि स्वतःला मुसलमान म्हणवणारा पंथ) दंगली झाल्या, लाहोरात लष्करी कायदा पुकारावा लागला. न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांच्या चौकशीत एकेका आलिमाला (धर्मपंडिताला) विचारलं गेलं: मुसलमान कोणाला म्हणायचं, व्याख्या द्या. कोणाही दोघांची व्याख्या जुळली नाही. न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं की एकाची व्याख्या मानली तर बाकीचे सगळे इस्लामबाहेर पडतात. आणखी एक प्रश्न विचारला: भारताने मनूचे कायदे लावून तिथल्या मुसलमानांना शूद्र-म्लेंच्छांसारखं वागवलं तर? मौदूदींनी आपली हरकत नसल्याचं सांगितलं. सीमेच्या अलीकडे राहिलेल्या कोट्यवधी मुसलमानांचा किती सहज बळी दिला गेला, हे वाचून मन सुन्न होतं.

व्याख्या शासनाच्या हाती गेली की तंटा थेट बँकेत पोचतो, हे १९८० च्या जकातीने (मुसलमानाने आपल्या बचतीतून द्यायच्या धार्मिक दानाने) दाखवलं. वटहुकूम आला की ठरावीक रकमेवरच्या बचत खात्यातून रमजानच्या पहिल्या दिवशी अडीच टक्के परस्पर कापायचे. शियांच्या जाफरी फिक्हला (धर्मशास्त्राला) ही सक्तीची वसुली मान्य नाही. जुलैत इस्लामाबादेत त्यांनी एवढी प्रचंड निदर्शनं केली की सरकारला सूट द्यावी लागली. सूट कशी, तर बँकेत प्रतिज्ञापत्र द्यायचं. तेव्हापासून रमजानच्या तोंडावर लोक खाती रिकामी करू लागले आणि कित्येक सुन्नीही शिया असल्याचं लिहून देऊ लागले. पुण्य मिळवून देऊ पाहणारं शासन माणसांना खोटं प्रतिज्ञापत्र करायला शिकवत होतं.

मार्च १९४९ मध्ये ठरावाच्या बाजूने तळमळीने बोलणाऱ्यांत परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान होते. इस्लाम आणि लोकशाहीत विरोध नाही, हे त्यांनी विद्वत्तेने मांडलं. ते अहमदिया. १९५३ च्या आंदोलकांची एक प्रमुख मागणी त्यांनाच मंत्रिमंडळातून काढा अशी होती. सप्टेंबर १९७४ मध्ये, भुट्टोंच्या काळात, निवडून आलेल्या संसदेने घटनादुरुस्ती करून त्यांचा संपूर्ण समाज बिगरमुसलमान ठरवला. १९८४ च्या वटहुकुमाने त्या समाजाला स्वतःला मुसलमान म्हणवणं, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं हे गुन्हे झाले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. जफरुल्ला १९८५ साली लाहोरात वारले, ज्या वर्षी त्यांनी पाठिंबा दिलेला ठराव कलम २-अ झाला. २००२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान एका यादीत आले. अहमदियांची यादी मात्र वेगळी ठेवली गेली. पाकिस्तानच्या पासपोर्टसाठी स्वतःला मुसलमान लिहायचं तर अर्जातल्या एका निवेदनावर सही करावी लागते: अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद हे तोतया नबी (प्रेषित) होते, असं मी मानतो. सही केली नाही तर धर्माच्या रकान्यात मुसलमान लिहून मिळत नाही.