निम्मा दम

आमच्या आप्पांचा आवाज मोठा आहे. त्याला इलाज नाही. तीस-पस्तीस वर्षं पिठाच्या गिरणीत उभं राहिलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मोटर, पट्टा आणि जात्याची घरघर यांच्यावरून बाईला विचारायचं असतं, "जाड का बारीक?" तोच आवाज घेऊन ते घरी जेवायला यायचे. भाकरी वाढ म्हणाले तरी शेजारचं कुत्रं उठून बसायचं.

पण छर्‍याची बंदूक हातात आली की हा माणूस कुजबुजायचा.

बंदूक जुनीच घेतलेली होती, आंब्यावरची माकडं हाकलायला. माकडांना त्या 'फट्ट' आवाजाची चार दिवसांत सवय झाली. प्राण्यावर आणि पाखरावर धरायची नाही असा आप्पांचा दंडक, त्यामुळं बंदूक बेकार झाली आणि आमच्या वाट्याला आली. वेळ लोडशेडिंग ठरवायचं. त्या काळात खेड्यात दिवसाला सात-आठ तास वीज सहज जायची. वीज गेली की गिरणी बंद, दळणाचे डबे रांगेत, बायका कट्ट्यावर. आप्पा पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया पुसत परड्यात यायचे आणि हाक मारायचे, "ये गं, नेम धरूया." ही हाक मोठ्यानंच असायची. कुजबूज त्यानंतर.

परड्यात शेणीचा हुडवा होता, म्हणजे गोवऱ्यांचा रचलेला ढीग. त्याच्यापुढं दगड, दगडावर काड्यापेटी. छर्रा चुकला तर शेणीत रुतायचा, कुणाला इजा नाही. आप्पा बंदुकीची नळी मोडायचे, मला छर्रा भरायला द्यायचे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा म्हणजे ज्वारीचा टपोरा दाणाच, फक्त शिशाचा. बोटं काळी व्हायची. नळी परत लावताना 'खट्' वाजलं की दस्ता माझ्या खांद्यात आणि आप्पांचं तोंड माझ्या कानाशी. गव्हाच्या पिठाचा वास, थोडा तंबाखूचा.

"मागची खाच बघ. खाचेत नळीच्या टोकाची माशी बसव. काड्यापेटी पुसट दिसली तरी चालंल, माशी लख्ख दिसाय पायजे."

मग थोडं थांबून, "दम घे. निम्मा सोड. तिथंच थांब. आता चाप. ओढायचा न्हाई, नुसता दाबत जायचा. बार कधी झाला ते तुलाबी कळू नये."

माझी गोची अशी, की मला ते ऐकायला इतकं बरं वाटायचं की मी निम्मा दम सोडून तिथंच थांबायचो. (आम्ही कोल्हापूरच्या मुली 'थांबायचो'च म्हणतो, 'थांबायचे' म्हटलं की पुण्याहून आल्यासारखं वाटतं.) फार वेळ थांबलं की डोळ्यांत पाणी येतं, माशी हलायला लागते आणि छर्रा हुडव्यात. आप्पा ओरडायचे नाहीत. "व्हतंय. परत." हेसुद्धा कुजबुजत. दळणात चुकून नाचणीवर गहू पडला तर याच माणसानं अख्खी गल्ली गोळा केली असती.

संध्याकाळी वीज गेली की खेळ वाढायचा. दगडावर मेणबत्ती लावायची आणि पंधरा पावलांवरून ज्योत विझवायची. आप्पांना ते जमायचं, दहात चार-पाच वेळा तरी. ज्योत गेली की परड्यात गुडुप अंधार आणि आतून आईचा आवाज, "झालं का समाधान? आता काडी कोण शोधणार, ती पेटी तर तुम्ही चाळण करून ठेवलीया." माझ्या छर्‍यानं ज्योत कधी विझली नाही. एकदा मेणबत्तीच कमरेत मोडली. अंधार तेवढाच झाला, म्हणून आप्पांनी ती माझ्या खात्यावर धरली.

आईचा खरा राग शेणींमुळं होता. त्या हुडव्यातल्या शेणी ती अंघोळीच्या पाण्याला घालायची. सकाळी राख काढताना राखेत शिशाचे चपटे चकचकीत थेंब निघायचे, वितळून गोल झालेले. ती ते नारळाच्या करवंटीत साठवायची आणि आप्पांच्या ताटाशेजारी आणून ठेवायची. काही बोलायची नाही. करवंटी जितकी भरलेली, तितकं माझं नेमबाजीतलं अपयश मोठं, हे तिघांनाही माहीत.

जत्रेत मात्र आप्पांचा रुबाब असायचा. फुग्यांच्या फळीपुढं ते पहिला छर्रा मुद्दाम रिकाम्या जागेवर मारायचे. "पयला बंदुकीला इचारायचा," मला कानात सांगायचे, "कुठं जातीस बाई?" जत्रेतली बंदूक सरळ कधीच नसते. ही डावीकडं चार बोटं खाली जाते हे कळलं, की लाल फुगा फोडायला ते वरच्या उजवीकडच्या पिवळ्यावर माशी धरायचे. लाल फुटायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा पिवळ्याला चुकला.

2010मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या रायफलीत, जगज्जेती झाली, तेव्हा गिरणीत आठवडाभर तोच विषय. पुढं राही सरनोबतनं 2018च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सोनं घेतलं. लोक आप्पांना म्हणायचे, पोरीला रेंजवर घालायला पाहिजे होती. आप्पांनी कुठंतरी वाचलं होतं, की 10 मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यांनी चिमटीत रव्याचा एक कण धरला आणि त्या लोकांना दाखवला. "ह्यो. दहा मीटरवरनं." मग माझ्याकडं बघून हसले. करवंटी त्यांनाही आठवत होती.

1 ऑगस्ट 2024 ला दुपारी मी गावीच होतो. आमच्याच जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसच्या फायनलमध्ये. 50 मीटर रायफल, आधी गुडघ्यावर, मग पालथं पडून, मग उभं राहून. आता वीज जात नाही, गिरणी दिवसभर चालते. आप्पांनी ती स्वतः बंद केली. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस टीव्हीपासून दोन फुटांवर बसला. उभ्या टप्प्यात पोरगा पुढं सरकायला लागला आणि मला शेजारून आवाज आला. इतका बारीक, की आधी टीव्हीतलाच वाटला.

"दम घे. निम्मा सोड. तिथंच थांब."

दर शॉटला. 451.4 वर पोरगा तिसरा आला, ब्राँझ पक्कं झालं. 1952च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या माणसाचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, असं टीव्हीवाला बोंबलून सांगत होता. आप्पा उठले, चष्मा पुसला, गिरणीत गेले. कट्ट्यावर बसलेल्या काकूंनी विचारलं, "काय झालं ओ?"

"तिसरा आला," आप्पा म्हणाले. आवाज अजून कुजबुजीतच अडकला होता.

"काय?"

त्यांनी खटका दाबला. पट्टा फिरायला लागला, जात्यानं सूर धरला, आणि मग त्यांनी काकूंना ओरडून सांगितलं.