वडलांचीच सही कशाला? भाचीच्या गर्भपाताच्या वेळचा माझा अनुभव

बरेच महिने झाले, तरी त्या काउंटरवरचं "वडलांना घेऊन या, मग बघू" आठवलं की अजून डोकं तापतं. नाव, गाव, दवाखाना काही लिहिणार नाही. भाचीला विचारूनच लिहितेय, तीच म्हणाली मावशी लिही, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर भागातले. माझी अक्का वारली तेव्हा भाची सातवीत होती, तेव्हापासून ती माझ्याकडंच. दाजी चंदगडकडं असतात, दुसरं लग्न झालंय, ट्रक चालवतात, सणाला कधीतरी फोन. शाळेत, पीयू कॉलेजात, बँकेत सगळीकडं पालक म्हणून माझी सही. सेकंड पीयूसीला म्हणजे बारावीला होती, वय 17, आणि पाळी चुकलेली तिनं भीतीपोटी सांगितलीच नव्हती. मुलगा तिच्याच वयाचा, ओळखीतला, जबरदस्ती नव्हती, त्यापुढचं मी इथं सांगणार नाही. स्कॅन केलं तेव्हा साडेदहा आठवडे झालेले. तिला काय पाहिजे ते मी एकटीत बसवून विचारलं. ती म्हणाली मला हे नको, मला परीक्षा द्यायची आहे. झालं, त्यावर माझ्याकडून दुसरा प्रश्न नव्हता.

इथं एक सांगते नाहीतर विसरेन, मेडिकलातनं कुणाच्या तरी ओळखीनं गोळ्या आणून देऊ नका. मलाही शेजारच्या एकीनं तेच सुचवलं होतं. गोळ्यांनी करायची मुदत कायद्यानं 9 आठवड्यांपर्यंतच आहे आणि तीसुद्धा डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि आमचे तर त्याच्या पुढं गेलेले.

तर दवाखाना. तपासणी, रक्त, स्कॅन सगळं भराभर झालं, डॉक्टर बाई चांगल्या बोलल्या, आणि मग फाईल काउंटरवर गेली आणि तिथंच अडकली. मुलगी 18 च्या आतली म्हटल्यावर पालकाची लेखी संमती लागते, हे मलाही माहीत होतं आणि मी सही करायला पेन हातात घेऊनच उभी होते. गर्भपाताचा 1971 चा कायदा आहे तो, बाईला 18 पूर्ण असतील तर फक्त तिची स्वतःची संमती, नवऱ्याचीसुद्धा लागत नाही, आणि 18 च्या आत असेल तर पालकाची. पण ते म्हणाले, तुम्ही मावशी, तुमची चालत नाही, वडील हयात आहेत ना, मग वडलांची सही आणि वडलांचं आधार.

मी सांगितलं, अहो वडील हिला सांभाळत नाहीत, मी सांभाळते. नाही म्हणाले. कॉलेजच्या अर्जाची झेरॉक्स दाखवली, तिच्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) वेळच्या कागदांवरची माझी सही दाखवली. ते बघितलंच नाही. भाची बाजूला उभी राहून माझा हात घट्ट धरून होती, कारण दाजींना कळलं तर काय होणार ते आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं, कॉलेज बंद आणि 18 व्हायच्या आत कुठंतरी लग्न लावून मोकळे. हे मी हळू आवाजात त्या माणसाला सांगितलं तर तो मोठ्यानं म्हणाला, "ते तुमच्या घरचं मॅटर आहे." रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या आवाजाबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या खेपेला दुसराच माणूस बसलेला. तो म्हणाला नोटरीकडनं अ‍ॅफिडेव्हिट आणा की तुम्ही पालक आहात. आणलं. तर म्हणे हे चालत नाही, कोर्टाची ऑर्डर पाहिजे. कोर्टाची ऑर्डर म्हणजे किती महिने जाणार, तोवर इकडं काय थांबून राहणार आहे का! मग आधार बघितलं, पत्ता चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्राचा. लगेच, "ही महाराष्ट्राची केस, कोल्हापूरला जावा." आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वाक्य काय नवीन आहे का, रेशनपासून ऐकत आलोय, इकडचे तिकडं पाठवतात, तिकडचे इकडं. पण गर्भपाताचा कायदा देशाचा एकच आहे, चंदगडला जो कायदा तोच बेळगावला, आधारवरच्या पत्त्यावरनं उपचार नाकारावा असं त्यात कुठंही नाही. (त्याच आधारमुळं बसमध्येही तिचं तिकीट काढावं लागायचं, माझं कर्नाटकच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत फुकट. तेवढं चालायचं, पण हे?)

आणि शेवटचं शस्त्र म्हणजे पोलीस. "आधी एफआयआर करून या, मग बघू." हे ऐकलं तेव्हा भाची तिथनं उठून सरळ बाहेर गेली आणि बसस्टॉपवर जाऊन बसली, मला म्हणाली मावशी राहू दे, घरी जाऊया. त्या दिवशी मी घरी आले ते हरून नाही, संतापून आले. कारण आठवडे मोजत होते मी. 12 आठवड्यांच्या पुढं गेलं की प्रत्येक मान्यताप्राप्त दवाखान्यात करता येत नाही, त्यासाठी वेगळी मान्यता, जास्त अनुभवाचा डॉक्टर लागतो, आणि मुलीच्या अंगालाही ते जड जातं. म्हणजे हे लोक कागद कागद करत वेळ घालवणार आणि त्याची किंमत ती पोर भरणार.

तिढा सुटला तो बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाकडं गेल्यावर. नंबर 15100, तो आधी लावा, मग जावा. बायकांना आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. तिथल्या वकील बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि कायद्याचं पहिलंच पान काढलं. कलम 2 मध्ये पालक कोण ते दिलंय, अल्पवयीन मुलीचा सांभाळ जो करतो तो. वडील असं लिहिलेलं नाही, आई असं लिहिलेलं नाही, कोर्टाची ऑर्डर लिहिलेली नाही. दोघांच्या सह्या पाहिजेत असंही नाही, एकच पालक. आणि ज्या फॉर्मवर सही घ्यायची तो फॉर्म सी, त्यावरसुद्धा "माझ्या देखरेखीखालील" मुलीसाठी मी संमती देतो असाच मजकूर आहे. म्हणजे त्या काउंटरच्या ड्रॉवरमध्येच उत्तर पडलेलं होतं! मला रडू आलं तिथंच, रागानं आलं.

पोलिसांचंही त्यांनी नीट समजावलं. 18 च्या आतली मुलगी असली की पॉक्सो कायद्याप्रमाणं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, कलम 19, ते टाळता येत नाही, आणि दोघांची मर्जी होती हे तिथं चालत नाही. पण गर्भपाताआधी एफआयआर पाहिजेच अशी अट कायद्यात नाही. आणि 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय, मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं कळवताना तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. आम्ही दोघींनी तशी विनंती लेखी दिली. ही विनंती तोंडी करू नका, कागदावर द्या आणि पोच घ्या.

मात्र जबरदस्ती झाली असेल, किंवा घरातलाच, ओळखीतला मोठा माणूस असेल तर नाव लपवायच्या मागं लागू नका, 1098 ला, म्हणजे चाइल्डलाइनला फोन करा, तक्रार द्या. पोलिसांनी जबाब घरी येऊन किंवा मुलगी म्हणेल तिथं घ्यायचा असतो, साध्या कपड्यात, शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, आणि मुलीची तपासणी लेडी डॉक्टरनंच करायची, विश्वासाचं माणूस जवळ ठेवून. आणि अशा केसमध्ये पुराव्यासाठी गर्भाचा नमुना ठेवावा लागतो, ते प्रक्रिया व्हायच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, नंतर काही करता येत नाही.

वकील बाईंनी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहून दिलं, कलमासकट. मी काउंटरवर थांबलेच नाही, सरळ त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी पत्र वाचलं, फॉर्म सी मागवला, मला विचारलं मुलगी तुमच्याकडं किती वर्षं आहे, भाचीला एकटीला आत बोलावून तिची इच्छा विचारली, आणि सही घेतली. एवढंच काम होतं. बाकीचं सगळं नीट पार पडलं, तीही लवकर सावरली, परीक्षेला बसली.

संमतीचा कागद आणि डॉक्टरचं मत सीलबंद पाकिटात ठेवतात, वर गुप्त असं लिहितात, रजिस्टरही कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कुणाला उघडून बघता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून तो मोठ्यानं बोलणारा माणूस आठवतो. तक्रार करायची म्हणून मी अर्ज लिहूनही ठेवला होता, पण भाची म्हणाली मावशी आता नको, म्हणून दिला नाही.

उशीर झाला असेल तरी घाबरून घरी बसू नका. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि 20 ते 24 मध्ये अल्पवयीन मुलींना कायद्यानं परवानगी आहे, दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्याच्याही पुढं गेलं तर बहुतेक वेळा हायकोर्टात जावं लागतं, आपल्याकडच्या लोकांना धारवाड पीठ, त्यालाही तोच 15100.

आणि जाताना शाळा-कॉलेजच्या ज्या कागदावर पालक म्हणून तुमची सही आहे त्याच्या झेरॉक्स घेऊन जावा, मुलीच्या वयाचा पुरावा, जुना स्कॅन रिपोर्ट सगळं एका पिशवीत. काउंटरवर कुणी नाही म्हणालं तर "हे लिहून द्या" म्हणा. मला कुणीच लिहून दिलं नाही, पण तेवढं म्हटल्यावर आवाज मात्र खाली आला.