यूएसबीवरचा प्रॉक्समॉक्स: लाइट गेल्यावर न उठणारा सर्व्हर उठला

उठला! मेन स्विच बंद केला, थोडा वेळ तसाच ठेवला, चालू केला आणि कुठेही हात न लावता प्रॉक्समॉक्सचं (एका मशिनवर अनेक आभासी मशिन चालवणारी प्रणाली) ८००६ पोर्टवरचं लॉगिनचं पान समोर आलं. होम असिस्टंटचं (घरातली उपकरणं सांभाळणारं) व्हीएम, म्हणजे आभासी मशिन, आणि पाय-होलचा (जाहिराती अडवणारा) कंटेनर दोन्ही आपोआप सुरू. मागच्या नोंदीत ‘रीबूटला चालतो, लाइट जाऊन आली की आडवा’ असं लिहिलं होतं, त्या दुखण्याचं मूळ सापडलं.

सेटअप तोच. हॅसवेल पिढीचा जुना ऑफिस डेस्कटॉप, डिस्क जोडायचे साटा पोर्ट सगळे डेटाच्या डिस्कनी अडवलेले, म्हणून प्रॉक्समॉक्स यूएसबी एन्क्लोजरमधल्या (डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या खोक्यातल्या) एसएसडीवर, रूट म्हणजे प्रणालीचं मूळ पार्टिशन झेडएफएस या फाइलसिस्टिमवर. साधा पेन ड्राइव्ह का नाही, हे नवीन मंडळी विचारतात म्हणून थोडक्यात: व्हीएमवेअरच्या अशाच प्रणालीच्या, ईएसएक्सआय ६ च्या काळात पेन ड्राइव्ह चालून जायचा, कारण बूट झाल्यावर सगळं रॅममध्ये चढायचं आणि ड्राइव्हवर लिहिणं नावापुरतंच उरायचं. २०२० मध्ये ७.० आला, पार्टिशनची मांडणी बदलली, सतत लिहिणं सुरू झालं आणि पेन ड्राइव्ह धडाधड मरायला लागले. प्रॉक्समॉक्सही लॉग, आलेखांचा डेटा, कॉन्फिगरेशनचा डेटाबेस असं काही ना काही दिवसभर लिहीत असतो. तिथे एसएसडीच हवी.

आता मूळ दुखणं. ‘यूएसबीवरून बूट होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. फर्मवेअरला (बायोसला) डिस्क दिसत नाही, किंवा दिसते पण बूटलोडर सापडत नाही, किंवा कर्नल चढतो आणि मग त्याला स्वतःचं रूट मिळत नाही. मॉनिटर जोडून पाहिलं तर माझ्याकडे तिसरा होता. सिस्टिमडी-बूट या बूटलोडरचा मेनू आला, कर्नल आणि इनिट-रॅमडिस्क चढले, आणि मग आरपूल (रूट ज्यात आहे तो झेडएफएसचा साठा) इम्पोर्ट होत नाही म्हणून गाडी इनिट-रॅमएफएसच्या, म्हणजे रूट मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या प्रणालीच्या शेलवर येऊन थांबली. म्हणजे बायोसमध्ये सिक्युअर बूट, लेगसी, बूट ऑर्डर यांच्याशी कितीही झटापट केली तरी उपयोग शून्य. फर्मवेअरने आपलं काम कधीच पुरं केलेलं होतं.

त्या शेलवर हाताने ‘झेडपूल इम्पोर्ट -एन आरपूल’ दिलं, एक्झिट केलं, आणि बूट पुढे सरकलं! डिस्क होती, फक्त उशिरा येत होती. म्हणून कर्नलच्या कमांडलाइनमध्ये रूटडिले (रूटसाठी थांबायचा वेळ) १० सेकंद घातला आणि तो बदल लागू व्हायला प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश केलं. (माझ्यासारखं सिस्टिमडी-बूट असेल तर ग्रब या दुसऱ्या बूटलोडरच्या फाइलमध्ये लिहून काही होत नाही, ईटीसी-कर्नलमधली कमांडलाइन फाइल बदलावी लागते.) फरक पडला, पण पूर्ण नाही. मधूनच दहा सेकंदही कमी पडायचे.

मग संशय पॉवरवर. एन्क्लोजर निळ्या (यूएसबी ३) पोर्टातून काढून काळ्यात (यूएसबी २) लावलं, आणि दर वेळी बिनतक्रार बूट! यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, यूएसबी २ चा ५००. पॉवर कमी पडत असती तर काळ्या पोर्टात हाल आणखी वाईट झाले असते. तेव्हा पॉवर संशयातून सुटली.

उत्तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये होतं. निळ्या पोर्टात यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) ड्रायव्हरच्या अबॉर्टच्या ओळी, त्याखाली डिव्हाइस रीसेट, पुन्हा अबॉर्ट, पुन्हा रीसेट, आणि बऱ्याच वेळाने डिस्क जोडल्याची ओळ. फर्मवेअर डिस्कशी जुन्या, साध्या बल्क पद्धतीने बोलतं, म्हणून त्याला कर्नल व्यवस्थित वाचता येतो. लिनक्स त्याच डिस्कशी यूएएसने बोलायला जातं, आणि या एन्क्लोजरमधली ब्रिज चिप (डिस्क आणि यूएसबी यांच्यातला दुवा) थंड सुरुवातीला, म्हणजे वीज पूर्ण जाऊन आल्यावर, तिथेच अडखळते. काळ्या पोर्टात यूएएस लागतच नव्हतं.

उपाय एका ओळीचा: एलएसयूएसबी या कमांडमधून चिपचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी घ्यायचा, आणि कर्नलच्या कमांडलाइनमध्ये यूएसबी-स्टोरेज क्वर्क्समध्ये तो देऊन शेवटी ‘यू’ लावायचा, म्हणजे त्या चिपपुरतं यूएएस बंद. रिफ्रेश करून परत निळ्या पोर्टात लावलं. डीमेसेज स्वच्छ, एकही रीसेट नाही. त्या चार स्वच्छ ओळी बघून जो आनंद झाला तो इथल्या लोकांना सांगायला नको. वेग थोडा उतरतो, पण होस्टच्या रूटला तेवढा पुरतो.

एन्क्लोजर घेताना माझं मत आता पक्कं आहे: खोक्यावरचा वेगाचा आकडा सोडा, आत कुठली चिप आहे ते विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ओळखीचा दुकानदार असेल तर तो लॅपटॉपला लावून आयडी दाखवतो. ऑनलाइन घेताना ही सोय नाही.

इथे थांबणार होतो. पण हे लिहितालिहिता एक सुचलं. कपाटात एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी) पडून आहे, पीसीआयई कार्डासकट. या बायोसला एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही म्हणून ती बाजूला ठेवली होती. पण वर लिहिलंच की फर्मवेअरला फक्त कर्नलपर्यंत पोहोचायचं असतं! ईएसपी (बूटलोडर आणि कर्नल असलेलं छोटं पार्टिशन) पेन ड्राइव्हवर ठेवायची आणि रूट एनव्हीएमईवर. कर्नलकडे त्याचा ड्रायव्हर असतोच. ईएसपीवर लिहिणं कर्नल अपडेटपुरतं, म्हणजे पेन ड्राइव्ह जुन्या ईएसएक्सआयइतकाच निवांत. शिवाय प्रॉक्समॉक्स-बूट-टूल एकाहून जास्त ईएसपी एकसारख्या ठेवतं, तेव्हा दोन पेन ड्राइव्ह लावायचे, एक मेला तरी दुसरा आहे.

नव्याने इन्स्टॉल करायचीही गरज नाही. एसजीडिस्कने पार्टिशन टेबल एनव्हीएमईवर उतरवायचं, जीयूआयडी (ओळखक्रमांक) बदलायचे, तिसरं, झेडएफएसचं पार्टिशन आरपूलला मिरर म्हणून जोडायचं, रीसिल्व्हर (डेटाची नक्कल उतरणं) पुरं झालं की यूएसबीची बाजू डिटॅच. सगळं चालू मशिनवर. एनव्हीएमई आकाराने मोठी आहे, त्यामुळे अडचण नाही, आणि ग्राफिक्स कार्ड नसल्याने लांब स्लॉट रिकामाच आहे. पेन ड्राइव्ह आधी एफ३ या खरी क्षमता तपासणाऱ्या साधनाने तपासून घेणार, खोट्या क्षमतेचे बाजारात फार आहेत. ते खरे निघाले की या शनिवारी मिरर जोडायला घेतो.