सत्तरीतले व्हाळ आणि एटीव्हीचा बेल्ट

श्रावणातली उघडीप बघून बेळगावहून पिकअपवर दोन एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या हँडलच्या चारचाकी गाड्या, चढवल्या आणि चोर्ला घाट उतरून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला पोचलो. मामांच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू होती. घर व्हाळाच्या (ओढ्याच्या) एका काठाला, अर्धी बागायत पलीकडे, आणि मधला सांकव, म्हणजे छोटा पूल, फक्त माणसापुरता. मिश्रणाचे कॅन, फवारणीचे पाईप, खाली पडलेली सुपारी, सगळी ने-आण पाण्यातूनच. घाटात धुकं दाट होतं, वाटेबद्दल एवढंच. जास्त सांगायचं आहे ते बेल्टबद्दल.

एटीव्हीच्या सीव्हीटीत, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या बेल्टच्या यंत्रणेत, दोन पुल्या असतात, पुढची इंजिनावर आणि मागची गिअरबॉक्सवर. बेल्टला दात लागत नाहीत. पुलीच्या दोन तबकड्या त्याला बाजूंनी दाबून धरतात, त्या घर्षणावरच गाडी चालते. तबकडीवर पाणी आलं की बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, आणि तापलेल्या बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. मग कोरड्यातही पकड पूर्वीसारखी येत नाही. म्हणून पुल्या आणि बेल्टची ही पेटी सरळ हवाबंद करून टाकावी असं कुणालाही वाटेल, पण ते चालत नाही. बेल्ट थंड ठेवायला बाहेरची हवा लागते. पुढच्या पुलीवरची पाती एका नळीतून हवा ओढतात आणि गरम हवा दुसऱ्या नळीतून बाहेर फेकतात. पाणी आत येतं ते मुख्यतः याच दोन तोंडांतून.

आत येणाऱ्या नळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिचं तोंड बहुतेक गाड्यांत कंपनीकडूनच वर दिलेलं असतं. घात करते ती बाहेर जाणारी नळी. मामेभावाच्या गाडीत तिचं तोंड मागे, सीटच्या बरंच खाली होतं. व्हाळाच्या मध्यावर चाक गोट्यात अडकलं आणि इंजिन बंद पडलं. पाती थांबली, हवेचा दाब गेला आणि पाणी त्या तोंडातून आत शिरलं. पुन्हा चालू केल्यावर इंजिन गरजत होतं, पण चाक हलेना. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबत राहू नये. गाडी ढकलून काठावर घ्यावी. आम्ही तेच केलं. सीव्हीटीच्या झाकणाखालचा ड्रेन प्लग काढून पाणी जाऊ दिलं, मग न्यूट्रलमध्ये थोडं थोडं रेस करून उरलेलं पाणी झटकलं आणि शेवटी लो गिअरमध्ये हळू चालवून पाहिलं. तरीही घसरत होती, म्हणून झाकण उघडून बेल्ट आणि तबकड्या स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसल्या. तिथे गंजरोधक स्प्रे किंवा तेल चुकूनही मारू नये. बेल्ट परत चढवताना त्याच्यावरची बाणाची दिशा पाहावी.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, फवारणी थांबली, आणि आम्ही दोन्ही गाड्यांच्या नळ्या वर घेतल्या. साहित्य साधंच: पीव्हीसी पाईप, एल्बो, रबरी जोड आणि स्टीलचे क्लॅम्प. पाईप मूळ नळीपेक्षा बारीक घेऊ नये. हवा कोंडली तर पाण्याआधी उष्णताच बेल्ट खाईल. दोन्ही तोंडं साधारण इंजिनाच्या एअर फिल्टरच्या तोंडाइतकी उंच न्यावीत, पण एकमेकांपासून लांब, नाहीतर बाहेर पडलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. तोंडं मागे किंवा खाली वळवावीत, म्हणजे पाऊस आणि पुढच्या गाडीने उडवलेलं पाणी थेट आत जात नाही. तोंडावर स्पंज बसवायचा सल्ला मला पटत नाही. सत्तरीच्या पावसात तो भिजून हवेचीच वाट अडवेल.

उरतं झाकणाचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी. त्याच्या खाचेतली माती ब्रशने काढावी, चिरलेलं असेल तर नवं घालावं. सिलिकॉन थापून झाकण चिकटवलं की ऐन व्हाळात ते उघडताना हाल होतात. जोड तपासायला एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हलक्या दाबाची हवा सोडावी आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावावं. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. आमच्याकडे ते गॅस्केटला आले नाहीत, कारखान्यातूनच बसवून आलेल्या एका क्लॅम्पखाली आले.

नळ्या वर गेल्या म्हणजे खोल पाण्यात जायची मुभा मिळाली असं नाही. पाय ठेवायच्या फळीपर्यंत पाणी ही माझी मर्यादा. पुस्तिकेत त्याहून कमी लिहिली असेल तर तीच पाळावी. आधी काठी घेऊन चालत व्हाळ पार करावा. उतरण्यापूर्वीच लो गिअर टाकावा, अॅक्सिलरेटर मध्यम आणि सारखा ठेवावा, मध्ये सोडू नये. घाटात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. पाणी लाल झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की मामा कुणालाही उतरू देत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं शब्दशः ऐकावं. लाल चिखल आत गेला तर तो वाळला की तबकड्या घासतो, म्हणून त्याच संध्याकाळी झाकण उघडून धुवावं.

बहुतेक एटीव्हींची आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, तेव्हा गाडी पिकअपवरूनच न्यावी आणि मालकाला विचारून खासगी जमिनीतच चालवावी. आजूबाजूला 208 चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य आहे, 1999 पासूनचं. त्याची हद्द कुठून लागते ते गावात विचारून घ्यावं आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये. किनाऱ्याचा मोह तर नकोच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि खारं पाणी पुल्यांना गंज चढवतं.

सोबत जादा बेल्ट, झाकणाच्या बोल्टचे सॉकेट, मागची पुली फाकवायचं हत्यार आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कोरडी फडकी असावीत. घरी पोचल्यावर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बघावं. ते दुधाळ दिसलं तर त्यांच्या श्वासनळीतून, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या बारीक नळीतून, पाणी गेलं आहे. तेल बदलावं आणि त्या नळ्याही सीव्हीटीच्या पाईपांच्या उंचीला नेऊन बांधाव्यात.