दीडशे किलोमीटरसाठी आठ देश

नोव्हेंबर 2015 मध्ये मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका आणि निकाराग्वाच्या सीमेवर, पेन्यास ब्लांकासच्या नाक्यावर, क्युबातून निघालेली माणसं अडकली. निकाराग्वानं वाट बंद केली, सैनिक उभे केले, पुढं सरकणाऱ्यांवर अश्रुधुर सोडला. पुढच्या काही आठवड्यांत अडकलेल्यांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. या लोकांना निकाराग्वात राहायचं नव्हतं. त्या देशाशी त्यांचं काही भांडणही नव्हतं. त्यांना फक्त अमेरिकेकडं जायला रस्ता हवा होता.

तेव्हा मी हायस्कूलला भूगोल शिकवत होते. ती बातमी वाचली आणि मनातून जाईना. माझं माहेर निपाणी, सासर कोल्हापूर. दोन शेजाऱ्यांच्या वादात रस्त्यावरच्या माणसाचे हाल कसे होतात, हे मला नकाशात बघायची गरज नाही.

ही माणसं क्युबा सोडून का निघाली, हे कोल्हापूरकराला समजावून सांगणं सगळ्यात सोपं आहे, कारण त्याच्या मुळाशी ऊस आहे. क्युबाची अख्खी अर्थव्यवस्था साखरेवर उभी होती. अमेरिका सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. 1959 ला क्रांती झाली, फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आला, 1960 मध्ये अमेरिकेनं क्युबाची साखर घेणं थांबवलं, 1962 ला व्यापारबंदी लादली. मग सोव्हिएत रशिया गिऱ्हाईक झाला. बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त दरानं साखर घ्यायचा आणि तेल द्यायचा. 1970 च्या हंगामात कॅस्ट्रोनं एक कोटी टन साखरेचं उद्दिष्ट ठेवलं, कचेऱ्यांतल्या माणसांनाही फडात उतरवलं. तरी 85 लाख टनांवरच गाडी थांबली. 1991 ला सोव्हिएत संघ कोसळला आणि तेल, सुटे भाग, गिऱ्हाईक सगळं एकदम गेलं. 2002 मध्ये दीडशेहून अधिक कारखान्यांपैकी जवळपास निम्मे सरकारनंच बंद केले.

आपल्याकडं एक कारखाना दोन हंगाम बंद राहिला तर काय होतं, ते आपण बघतो. आधी तोडणीच्या टोळ्या यायच्या थांबतात, मग ट्रॅक्टरवाल्यांचे हप्ते थकतात, मग फाट्यावरची चहाची टपरी बंद होते, पतसंस्थेत वसुलीच्या नोटिसा निघतात, आणि शेवटी पोरं पुण्याला जातात. क्युबात हे निम्म्या कारखान्यांच्या गावांत झालं. त्यात एकाच पक्षाची सत्ता, बोलायची सोय नाही, पगारात महिना निघत नाही. कुणी सगळा दोष अमेरिकेच्या बंदीला देतं, कुणी सगळा हवानाच्या, म्हणजे क्युबाच्या, सरकारला. मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोघांनीही एकमेकांकडं बोट दाखवत साठ वर्षं काढली याचा रागही येतो.

वर्गात मी हा विषय काढला, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, फ्लोरिडा तर समोरच दिसतंय. मग ही माणसं एवढा वळसा का घालाय लागल्यात?"

प्रश्न अगदी नेमका होता. क्युबापासून फ्लोरिडाचं टोक जेमतेम 145 किलोमीटर. म्हणजे कोल्हापूरहून सातारा गाठून थोडं पुढं. पण 1994 च्या उन्हाळ्यात टायरच्या ट्यूबा आणि फळ्या बांधून हजारो लोक समुद्रात उतरले, आणि त्यानंतर दोन्ही सरकारांत करार झाले. समुद्रात सापडला तर परत पाठवायचं, जमिनीवर पाय टेकला तर राहू द्यायचं, असा अमेरिकेचा शिरस्ता पडला. त्याच्या मागं 1966 चा एक कायदा होता, ज्यामुळं क्युबाच्या माणसाला एक वर्षानं कायम वास्तव्याचा अर्ज करता यायचा. दुसऱ्या कुठल्याच देशाच्या स्थलांतरितांना इतकी सवलत नव्हती. मग समुद्राचा धोका कशाला घ्यायचा? जमिनीनं जायचं. इक्वाडोरनं 2008 पासून व्हिसाची अट काढली होती, आणि 2013 पासून क्युबातून बाहेर पडायला सरकारी परवानगी लागेनाशी झाली. घर विकून विमानाचं तिकीट काढायचं, इक्वाडोरला उतरायचं आणि तिथून कोलंबिया, पनामा, कोस्टा रिका, निकाराग्वा, होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिको. इक्वाडोर धरून आठ देश.

ती मुलगी फळ्यापाशी आली आणि भिंतीवरच्या नकाशात बोटानं हा रस्ता फिरवत गेली. पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर तिचं बोट थांबलं. तिथं कोलंबियाच्या बाजूला दारिएनचं जंगल आहे, रस्ताच नाही. कुणी बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, कुणी चिखलातून चालत.

2015 मध्येच एवढी गर्दी का झाली, याचंही कारण आहे. डिसेंबर 2014 ला ओबामा आणि क्युबाचे राऊल कॅस्ट्रो यांनी संबंध सुधारायचं जाहीर केलं. जगाला आनंद झाला, पण क्युबातल्या माणसाला धास्ती बसली. मैत्री झाली तर सवलत जाणार, त्याआधी पोचायला हवं. त्या वर्षी चाळीस हजारांहून जास्त क्युबन अमेरिकेत पोचले.

आणि नेमके ते सापडले दोन जुन्या भांडखोर शेजाऱ्यांच्या मधे. कोस्टा रिका आणि निकाराग्वा यांच्यात सान हुआन नदी आहे. 1858 च्या करारानं नदी निकाराग्वाची आणि तिच्यातून मालवाहतुकीचा हक्क कोस्टा रिकालाही. तेव्हापासून कुरबूर चालूच आहे. 2010 मध्ये निकाराग्वानं नदीच्या मुखाशी गाळ काढायला सुरुवात केली आणि तिथल्या दलदलीच्या तुकड्यावर सैनिक पाठवले. तुकडा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा. कोस्टा रिकाकडं 1948 पासून सैन्यच नाही, त्यामुळं ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. निकाल लागला 16 डिसेंबर 2015 ला, कोस्टा रिकाच्या बाजूनं. म्हणजे क्युबाची आठ हजार माणसं सीमेवरच्या शाळांत, चर्चमध्ये झोपलेली असतानाच. दोनच दिवसांनी, क्युबनांच्या प्रश्नावर शेजारी मदत करत नाहीत म्हणून कोस्टा रिकानं मध्य अमेरिकी देशांच्या संघटनेच्या राजकीय बैठकांतून अंग काढून घेतलं.

निकाराग्वाचंही एक म्हणणं होतं, आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. कोस्टा रिकानं माणसं सीमेपार नेणाऱ्या तस्करांची टोळी पकडली, त्यामुळं अडकलेल्यांना सात दिवसांचे परवाने दिले आणि शेजाऱ्याला न विचारता पुढं धाडलं. पण याचं उत्तर अश्रुधुर? शिवाय निकाराग्वाचीच लाखो माणसं कोस्टा रिकात कॉफीच्या आणि केळीच्या मळ्यांत राबतात. सोयरीक, पोटापाणी, सगळं सीमेच्या आरपार, आणि सरकारं तोंड फिरवून बसलेली.

हे वाचताना मला डिसेंबर 2022 आठवतो. सीमाप्रश्न तापला, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं, आणि एसटीनं तिकडच्या फेऱ्या थांबवल्या. निपाणीला आई आजारी. भावाचा फोन आला, "आक्का, गाड्या बंद हाईत. तू कागलपतूर ये, मी येतो न्यायला." कागलच्या स्टँडवर एक म्हातारी बसली होती. कोल्हापूरला दवाखान्यात दाखवून संकेश्वरला परत निघालेली. एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात गोळ्यांची पिशवी, आणि एक्स-रे मोडू नये म्हणून पाकीट मांडीवर आडवं धरलेलं. कंडक्टर तिला परत परत सांगत होता, "मावशी, हितनं पुढं आमची गाडी जाईना." तिला कळत होतं. तिचा प्रश्न एवढाच होता, मग मी जाऊ कशी? भावानं तिलाही गाडीत घेतलं.

आमचा देश एक आहे, तिला कुणी पासपोर्ट मागितला नाही, हे मला कळतं. क्युबनांच्या हालअपेष्टांशी याची बरोबरी मी करत नाही. मी स्वतः मराठी, सीमाभागातली, आणि 1956 ला आमच्यावर अन्याय झाला असंच मानते. ज्या घरात 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळला गेला, त्या घरात मी वाढले. तरीही त्या म्हातारीला स्टँडवर बसवून तो अन्याय एका इंचानंही दूर झाला नाही.

क्युबनांसाठी तोडगा निघाला तो डिसेंबर 2015 च्या शेवटी. 12 जानेवारी 2016 ला कोस्टा रिकातल्या लिबेरिया विमानतळावरून 180 जणांचं पहिलं विमान सुटलं. निकाराग्वा ओलांडून सरळ एल साल्वाडोरला, तिथून बसनं ग्वाटेमालातून मेक्सिको. भाडं माणशी 555 डॉलर, ज्याचं त्यानं भरायचं. जमिनीवरचा एक नाका उघडला असता तर हे पैसे त्या माणसांच्या खिशात राहिले असते. मार्चपर्यंत ते सगळे गेले. बरोबर एका वर्षानं, 12 जानेवारी 2017 ला, ओबामांनी जमिनीवरची ती सवलतच काढून टाकली. जे त्या दिवशी वाटेत होते, त्यांना मागं घर नव्हतं आणि पुढं दार नव्हतं.

आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. नोव्हेंबर 2021 मध्ये याच निकाराग्वानं, त्याच राष्ट्राध्यक्ष ओर्तेगांच्या सरकारनं, क्युबनांना व्हिसा माफ केला. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर अश्रुधुर सोडला, त्यांच्यासाठी विमानतळ उघडला. आता ओर्तेगांना अमेरिकेवर दबाव आणायचा होता, आणि हवानाला जुलैमध्ये सरकारविरुद्ध निघालेल्या मोर्च्यांनंतर नाराज तरुण देशाबाहेर गेलेले हवे होते. 1980 मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसं सोडली गेली, तेव्हाही हाच हिशेब होता. नाका बंद केला तोही राजकारणासाठी, उघडला तोही राजकारणासाठी. पुढच्या वर्षभरात दोन लाखांवर क्युबन अमेरिकेच्या सीमेवर पोचले. 2022 आणि 2023 या दोन वर्षांत दहा लाखांहून जास्त लोकांनी देश सोडला, हे खुद्द क्युबाच्या सरकारी आकडेवारीत आहे. सुमारे एक कोटी दहा लाखांच्या देशातून दहा लाख. त्यात बहुतेक कामाच्या वयाचे. ऊस तोडायला, दवाखाना चालवायला, म्हाताऱ्यांना बघायला कोण उरलं असेल?

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो चालू दे, लढू दे, आणि आमच्या बाजूनं लागू दे. पण पुढच्या वेळी वाद तापला की दोन्ही सरकारांनी पहिला आदेश काढावा तो कोल्हापूर-निपाणी-संकेश्वरच्या गाड्या चालू ठेवण्याचा. पोलीस बंदोबस्तात चालवा, कमी चालवा, पण दवाखान्याच्या वेळेच्या तेवढ्या तरी चालवा.