लाइट नव्हती, तरी नळ चावला

"नळ चावना रे भाऊ. लाइट नही व्हती, तरी बी चावना."

आजी हे सांगत होत्या आणि त्यांच्या मागे उभे असलेले अप्पा, म्हणजे त्यांचा मुलगा, मला डोळ्यांनी खुणावत होते की म्हातारीचं मनावर घेऊ नका. मीही घेतलं नाही, खोटं कशाला बोलू. लाइट नसताना शॉक बसत नाही, हे लहान पोरालाही कळतं.

माझं अमळनेरला छोटं दुकान आहे. वायरिंग, मोटारी आणि हिवाळ्यात गिझर. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सातवर आल्याची बातमी झळकली की माझा फोन वाजायला लागतो. वर्षानुवर्षं बंबात पऱ्हाट्या घालून पाणी तापवणाऱ्या घरांना एकदम गिझर हवा असतो, आणि तो आजच हवा असतो.

अप्पांनी १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर सात हजारांना घेतला होता. डब्यावर 'फ्री इन्स्टॉलेशन' लिहिलेलं. या दोन शब्दांनी माझ्या धंद्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नसेल. फ्री म्हणजे भिंतीला चार भोकं पाडून टाकी टांगून देणं. कनेक्शन पाइप, अँगल कॉक, १६ अँपिअरचा प्लग, भिंत मातीची असेल तर मागून लावायची पट्टी, हे सगळं गिऱ्हाइकाचं. मी अप्पांना कागदावर लिहून दिलं होतं. मीटरपासून न्हाणीपर्यंत अडीच एमएमची नवी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, करंट गळला की लाइट तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, गळलेला करंट जमिनीत सोडायला अर्थिंगचा खड्डा. मजुरी धरून ७,४०० रुपये. अप्पांनी कागद दोनदा वाचला. "गिझरपेक्षा तुमचंच महाग?" म्हणाले. "पॉइंट तयारच आहे ना. पाणी तापवायचा रॉड लावायचो आम्ही त्याच्यावर. अर्थिंग घर बांधलं तेव्हाच केलंय."

अर्थिंग कुठे आहे, ते मी विचारलं. त्यांनी हात घराच्या मागच्या बाजूला केला. मी काही मागे जाऊन पाहिलं नाही.

त्याऐवजी सगळे वायरमन करतात ते केलं. होल्डरला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्याच्या दोन वायरी. एक फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीच्या भोकात, दुसरी अर्थच्या. अर्थ चांगला असेल तर बल्ब पेटतो. झक्क पेटला. मग फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर, तिथेही झक्क. मी म्हटलं, झालं. गिझर टांगला. गार पाण्याला प्लास्टिकचा पाइप होता. गरम बाजूला मात्र अप्पांच्या बजेटप्रमाणे लोखंडी तुकडा आणि त्याला थेट पितळी नळ. हातात ९०० रुपये घेऊन निघालो. निघताना सुनेला सांगितलं, अंघोळीला कुणी बसण्याआधी बटण बंद करत जा.

सोळा दिवसांनी फोन आला. मला वाटलं 'गिझर गळतोय' म्हणणार. सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन थेंब पडले की लोक घाबरतात, आणि त्याला चिंधी बांधून बंद करतात. टाकीतला दाब वाढला की तो तिथूनच सुटायचा असतो, हे दरवेळी सांगायचं आणि दरवेळी चिंधी सोडायची. पण फोनवर अप्पा म्हणाले, "सकाळपासून लाइट नाही, लाइनमनला सांगितलंय. आणि म्हातारी म्हणते नळ चावला. येऊन तिची समजूत काढून जा."

गेलो तर शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. म्हणजे लाइट गल्लीची नव्हती गेली, फक्त यांची गेली होती. तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही.

आजींच्या समाधानासाठी रबरी चपला घालून न्हाणीत शिरलो आणि टेस्टर नळाला लावला. टेस्टर पेटला.

घरात अंधार, गिझरचं बटण बंद आणि नळाला करंट. मल्टिमीटरचं एक टोक नळाला, दुसरं ओल्या फरशीला. दोनशे व्होल्टच्या वर. माझ्या तळव्यांना घाम फुटला. बाहेर येऊन एकेक बटण दाबत सुटलो. देव्हाऱ्यातल्या एलईडीचं बटण बंद केलं आणि टेस्टर विझला. चालू केलं, पेटला.

तेव्हा पॉइंटचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या आत न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर काळी वायर. लूप. अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलेलीच नव्हती. घराच्या मागे खड्डाही नव्हता. रॉड लावताना टेस्टला बल्ब पेटावा म्हणून कुणीतरी अर्थ न्यूट्रललाच जोडून टाकला होता. कुणी, ते मला माहीत आहे. त्यानं त्या गावात निम्मी घरं केलीत, आणि भेटला की अजूनही 'काय गुरू' म्हणतो.

आता राहिला प्रश्न लाइटचा. मीटरखालच्या कटआउटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या डब्यात, न्यूट्रलचा स्क्रू जळून काळा पडला होता. जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर, ढिला स्क्रू. आयुष्यभर तिच्यातून दोन-चार बल्ब आणि पंखा चालला, रॉड लावला तोही कधीतरी. गिझर रोज पाऊण तास नऊ अँपिअरच्या आसपास ओढायला लागला आणि सोळाव्या दिवशी स्क्रू जळून न्यूट्रल सुटला. फेज मात्र घरात तशीच होती. ती देव्हाऱ्यातल्या दिव्यातून न्यूट्रलच्या वायरीत उतरली, तिथून लूपमधून अर्थमध्ये, अर्थमधून गिझरच्या अंगावर आणि नळावर. सुनेनं बटण बंद केलं होतं, पण अर्थला बटण नसतं.

मी त्या सकाळचा हिशेब किती वेळा मांडलाय सांगता येत नाही. मध्ये छोटी एलईडी होती म्हणून करंट फार वाहू शकला नाही. हिवाळा होता म्हणून पंखे बंद, आणि हे लोक थंडीत फ्रीजही बंद ठेवतात. आजी लाकडी पाटावर बसल्या होत्या, ओल्या फरशीवर नाही. आणि सुनेनं बटण बंद केलं नसतं तर मध्ये २६ ओहमची कॉइल आली असती. म्हणजे अडवायला काहीच नाही.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या अप्पांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मी येडी नही शे."

अप्पांनी वायरीबद्दल, अर्थिंगबद्दल एक शब्द काढला नाही. "किती होतील?" विचारलं. मी मजुरी घेतली नाही, फक्त माल लावला. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथेच खड्डा घेतला. आपली काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाइप मातीपासून सुटतो, म्हणून ओल राहील अशी जागा. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, ८ नंबरची तार. लूप कापल्यावर जुन्या अर्थवर तोच बल्ब लावून पाहिला, लुकलुकलाही नाही. नव्या अर्थवर पेटला, पण न्यूट्रलपेक्षा किंचित मंद.

तो मंदपणा मला अजून झोपू देत नाही. खड्ड्यातल्या खऱ्या अर्थवर बल्ब सहसा न्यूट्रलइतका झक्क पेटत नाही. जमिनीतून जाताना थोडं कमी होतंच. पहिल्या दिवशी दोन्ही बल्ब तंतोतंत सारखे पेटले होते. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. बोर्डाचे दोन स्क्रू, दोन मिनिटांचं काम. पैसे अप्पांनी वाचवले, पण ती दोन मिनिटं मी वाचवली.

त्याच गल्लीत आणखी तीन घरांचे बोर्ड उघडले. दोघांत लूप. एका घरच्या बाईनं विचारलं, "मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही?" मला उत्तर सुचलं नाही.

आजी आता पुन्हा बंबावर अंघोळ करतात. गिझर सून आणि नातवंडं वापरतात. मी त्या गावी गेलो की त्या चहा देतात, पण न्हाणीकडे मला एकट्याला जाऊ देत नाहीत, मागे मागे येतात.

त्या हिवाळ्यात मी बल्ब लावून 'अर्थ ठीक' म्हटलेले २१ पत्ते डायरीत आहेत. रविवारी एकेक करून जातो, फुकट. चौदा झाले, चार ठिकाणी लूप निघाला. पंधराव्याला काल फोन केला. म्हणाले, "कशाला चक्कर मारता भाऊ, चांगला चालतोय ना तो."