दरबारातलं गाणं दांडिया बाजारात कसं आलं

बडोद्यातल्या मराठी माणसाशी गाण्यावर बोलायला लागा, दोन वाक्यांत तो सयाजीराव महाराजांवर येतो. त्यात चूक काहीच नाही, पण मला कायम वाटतं की आपण ही गोष्ट अर्धीच सांगतो. महाराजांनी गाण्याची शाळा काढली, मग दांडिया बाजारासारख्या आपल्या मराठी वस्त्यांत घराघरात तानपुरे आले, संपलं. मधे कोण होतं, आपण कोणाकडून घेतलं आणि घेताना कोणाला दाराबाहेर ठेवलं, हे कोणी सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

शाळेच्या आधी बडोद्यात गाणं होतंच, भरपूर होतं, पण ते राजवाड्याचं होतं. कलावंत कारखाना नावाचं अख्खं खातं होतं दरबारात. गवई, वाजवणारे, नाचणाऱ्या, सगळे त्या खात्याचे पगारी नोकर. 1899 मध्ये या खात्याचे नियम पुस्तकात छापले गेले, कधी हजर राहायचं, रजा कशी मागायची, चुकलं तर दंड काय. आता वाचून विचित्र वाटतं, ज्याच्या एका सुरासाठी लोक रात्र जागवतात त्याच्या रजेचा हिशोब कोणीतरी कारकून ठेवतोय. पण मला यात एक मोठी गोष्ट दिसते. तोपर्यंत गवयाचं पोट राजाच्या मर्जीवर चालायचं, खूश झाला तर कडं, नाराज झाला तर चालते व्हा. इथे पहिल्यांदा पगार, काम आणि नियम असं काहीतरी कागदावर आलं. कलावंताचा मान त्याने वाढला की कमी झाला हे मी ठामपणे नाही सांगू शकत, दोन्ही झालं असावं.

शाळा मात्र त्याच्याही आधीची, 1886 ची. ती उभी केली मौलाबक्ष यांनी आणि हे नाव प्रत्येक बडोदेकराच्या तोंडपाठ असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. मूळचे उत्तरेकडचे धृपदिये, म्हणजे धृपद ही जुनी गायकी गाणारे, म्हैसूरला जाऊन कर्नाटक संगीत शिकले, तिकडे लोक रागांची मांडणी किती शिस्तीत करतात ते पाहिलं आणि मग स्वतःची स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, तयार केली, तिच्यावर पाठ्यपुस्तकं काढली. तो काळ लक्षात घ्या, बंदिश, म्हणजे रागातली बांधलेली रचना, ही घराण्याची तिजोरी. खाँसाहेब शिष्याला वर्षानुवर्षं सेवा करायला लावायचे तेव्हा कुठे एखादी अस्सल चीज, म्हणजे बंदिश, मिळायची. अशा दिवसांत हा माणूस म्हणतो की फळ्यावर लिहा, वर्गातल्या सगळ्या मुलांना एकदम शिकवा. केवढं धाडस आहे ते! त्यांचे चिरंजीव लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले, आणि नातू म्हणजे 1882 मध्ये बडोद्यात जन्मलेले इनायत खाँ, जे 1910 मध्ये अमेरिकेला गेले आणि जगाला सूफी संत म्हणून माहीत झाले. युरोपातून लोक त्यांचं जन्मगाव बघायला येतात आणि आपल्यातल्या कित्येकांना ते कोण हे माहीत नसतं.

माझी आत्या पुढे सूरसागर तळ्यासमोरच्या याच शाळेत शिकली, तेव्हा ती शाळा बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत जाऊन तिचं कॉलेज झालं होतं. तिची एक वही माझ्याकडे आहे. संगीताचे अभ्यासक भातखंडे यांच्या पद्धतीची स्वरलिपी आहे, वर स्वर, खाली बोल, त्याखाली मात्रा, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (जिथे टाळी नसते तिथे) शून्य. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेत चार स्वर असतील तर खाली अर्धचंद्र. अक्षर इतकं सुबक की छापल्यासारखं वाटतं, पण ओळीओळीत पेन्सिलीने काहीतरी वेगळंच लिहिलंय, "इथे थांबायचं नाही", "गंधार जरा झुलता", "सर म्हणाले असं नको". म्हणजे शाईने लिहिलेलं गाणं पुस्तकातून आलं आणि पेन्सिलीतलं माणसाकडून. मला ही पेन्सिल फार महत्त्वाची वाटते. स्वरलिपीने गाणं मेलं असं म्हणणाऱ्यांना मी ती वही दाखवतो.

आणि हेही सांगायला हवं की आजोबांनी आत्याला परवानगी दिली ती गाण्यासाठी नव्हेच, युनिव्हर्सिटीसाठी दिली. डिग्री मिळणार होती ना! माझी आजी तिच्या लहानपणी ओव्या, आरत्या, मंगळागौरीची गाणी सगळं म्हणायची, गळा गोड होता, पण पेटीसमोर बसून राग गाणं हे घरंदाज मुलींचं काम नाही असं तिला बजावलं होतं. एका पिढीत हे उलटलं. गाणं तेच, राग तेच, फक्त ते जिथे शिकायचं त्या दारावर कॉलेजची पाटी लागली आणि आमच्यासारख्या घरांना ते चालायला लागलं.

चालायला लागलं खरं, पण ज्यांचं ते होतं त्यांचं काय? सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं तेव्हा तिच्याबरोबर तिकडच्या नर्तकी बडोद्याला आल्या, गौराबाई आणि कांतिमती. आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो ते नृत्य त्या इथे दरबारात करायच्या, ज्या काळात गुजरात-महाराष्ट्रात ते कोणाला ठाऊकही नव्हतं. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले आणि चांगल्या चांगल्या घरच्या मुली त्यांच्याकडे शिकल्या. मुलगा गुरुजी झाला, आई मात्र दरबारातली नाचणारीच राहिली, निदान आपल्या बोलण्यात तरी. मला हे खुपतं.

1916 च्या मार्चमध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आपल्या बडोद्यात भरली. भातखंडे मुख्य, महाराजांचा आश्रय. देशभरातले उस्ताद, पंडित, संस्थानिकांची माणसं, शिकलेसवरलेले रसिक सगळे एकत्र. भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर इंग्रजीत व्याख्यान दिलं, श्रुतींवरून, म्हणजे स्वरांच्या मधल्या सूक्ष्म जागांवरून, वाद झाले, रागांचं नेमकं रूप कोणतं यावर चर्चा झाल्या. भातखंड्यांचे आपल्यावर उपकार आहेत, गावोगाव फिरून त्यांनी हजारो चीजा जमवल्या नसत्या तर अर्ध्या नष्ट झाल्या असत्या. पण बघा, ते वकिली शिकलेले गृहस्थ, त्यांना पुरावा लागायचा, ग्रंथ लागायचा, आणि ज्या खाँसाहेबांकडून चीजा मिळाल्या त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, गळा होता. तिथून पुढे गाण्याबद्दल बोलण्याचा अधिकार हळूहळू गाणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे सरकला, निदान मला तरी असं दिसतं.

तरी बडोद्याचं नशीब असं की गवई फैयाज खाँसाहेब इथे होते. आग्रा घराण्याचा सूर्यच, म्हैसूर दरबाराने आफताब-ए-मौसिकी, म्हणजे संगीताचा सूर्य, म्हणून गौरवलं ते काही उगाच नाही. भातखंड्यांनी आपले शिष्य रातंजनकर यांना शिकायला त्यांच्याकडेच बडोद्याला पाठवलं, म्हणजे शेवटी वहीवाल्यांनाही गळ्याकडेच यावं लागलं! खाँसाहेबांची जयजयवंती रागाची जुनी तबकडी ऐका, तीन-साडेतीन मिनिटांत काय भरलंय त्या माणसाने. ज्यांच्या नोमतोमला, म्हणजे बंदिशीआधीच्या आलापीला, रात्र पुरायची नाही त्यांना तबकडीच्या एका बाजूत बसवलं, तरी तो भारदस्त आवाज पहिल्या सुरातच खोलीचा ताबा घेतो. संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1950 च्या नोव्हेंबरात खाँसाहेब गेले. त्यांची मजार बडोद्यातच आहे. 2002 च्या दंगलीत तिची नासधूस झाली. ज्या गावाने त्यांना ज्ञानरत्न म्हटलं त्याच गावात. यावर मला जास्त लिहवत नाही.

गायिका हिराबाई बडोदेकरांचं तर आडनावच आपल्या गावाचं. वडील गवई अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात होते, आई ताराबाई माने सरदार घराण्यातली, दोघं बडोदं सोडून गेली आणि हिराबाई जन्मल्या मिरजेला, 1905 मध्ये. बाईने तिकीट लावून हॉलमध्ये गावं आणि लोकांनी बायकामुलांसकट ऐकायला यावं, हे आपल्याकडे रुळलं त्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. दरबारात ऐकणारा मालक असायचा, इथे तिकीट काढून कोणीही यायचं. आत्याला गायला मिळालं त्यामागे युनिव्हर्सिटी होती तशाच हिराबाईही होत्या.

आता काय आहे म्हणाल तर बरंच आहे. नवरात्रात हजारोंच्या मैदानात लाइव्ह गरबा गाणारे आहेत आणि बडोद्याच्या गरब्यात अजून गाणाऱ्याला मान आहे याचा मला अभिमान वाटतो. क्लास आहेत, ऑनलाइन शिकवणी आहे, रील्स आहेत. आईवडील पहिला प्रश्न विचारतात की परीक्षा किती वर्षांत होते, मला ते आवडत नाही, पण त्या परीक्षेच्या निमित्ताने का होईना पोरं यमन राग गातात हेही खरंच.

एक काम मात्र आपण सगळे मिळून करू शकतो. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, कुठल्याही जुन्या घरात माळ्यावर आजी, आत्या, मामींच्या गाण्याच्या वह्या पडलेल्या असतील, काहींवर उस्तादांच्या हातचे फेरफारही असतील. रद्दीत घालू नका. मोबाईलवर नीट उजेडात पानापानाचे फोटो काढा, कोण शिकलं, कोणाकडे शिकलं, साधारण कुठल्या साली हे पहिल्या पानावर लिहून ठेवा, शिकवणाऱ्याचं नाव तर नक्कीच लिहा. मी आत्याच्या वहीपासून सुरुवात केलीये, पेन्सिलीचं फिकट झालंय त्यामुळे ते वेगळ्या कागदावर उतरवतोय. तुमच्याकडे काही असेल तर सांगा, रविवारी सकाळी मी मोकळा असतो, येऊन मदत करीन.